गाडी कुणाची होती?

सेकंड हॅण्ड गाडी घेणं म्हणजे अरेंज्ड मॅरेज. फोटो झकास, बायोडेटा त्याहून झकास, आणि खरं काय ते घरी आणल्यावर कळणार. ऑफिसातला हा पेटंट विनोद मी तीन महिने रोज ऐकत होते, कारण तीन महिने मी रोज गाड्याच बघत होते. बजेट चार लाख. अट एकच, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बंद पडायची नाही.

ॲपवर बघावं तर प्रत्येक गाडी ‘सिंगल ओनर’, ‘लेडी ड्रिव्हन’, ‘शोरूम कंडिशन’. पुण्यात इतक्या जणी गाड्या चालवतात, तर सिग्नलला आम्हाला बघून हॉर्न कोण मारतं? शिवाय एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या किमतीत पाऊण लाखाचा फरक. का, हे विचारायला समोर माणूसच नाही.

अशात मामांचा फोन आला. “अगं, हितं एक स्विफ्ट हाय. डिझेल. आपल्या माणसाची. शनवारी ये, बघून तर जा.”

हितं म्हणजे कवठे महांकाळ.

उसाच्या पलीकडे

पुण्याहून मिरजेपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. सांगली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कृष्णा, ऊस आणि हळद येते. पण मिरज सोडून रत्नागिरी-नागपूर महामार्गाला लागलात की तासाभरात सिनेमाचा सेट बदलावा तसा मुलूख बदलतो. दंडोबाचा डोंगर दिसतो, ऊस विरळ होतो, माती फिकी पडते. मग सुरू होतात द्राक्षबागा आणि हिरवी जाळी लावलेल्या बेदाण्याच्या शेड. इथली हवा कोरडी, म्हणूनच बेदाणा चांगला वाळतो. दुष्काळातही काहीतरी पिकवायची ही खास माणदेशाच्या शेजारची अक्कल.

आपल्याला हे नाव टीव्हीवर ऐकून माहीत. आर. आर. आबा २००९ पासून ज्या मतदारसंघाचे आमदार होते, तो तासगाव-कवठे महांकाळ. (दसऱ्याच्या आतषबाजीचं कवठे एकंद वेगळं. घोळ करू नका, दोन्हीकडची माणसं रागावतात.) गावात कुणी पूर्ण नाव घेत नाही, नुसतं ‘कवठं’ म्हणतात. अग्रणी नदी आहे, पण तिला बारमाही म्हणायचं धाडस कुणी करत नाही. म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून इकडे आणलं, तेव्हा बागांना आधार मिळाला.

आणि बागांबरोबर गाड्या आल्या. हे मामांचं अर्थशास्त्र. “द्राक्षाला दर मिळाला की शोरूमला गर्दी, पावसानं झोडपलं की जुन्या बाजारात गर्दी.” जी स्विफ्ट मी बघायला गेले होते, तीही अशीच निघालेली. यंदा पाऊस हटलाच नाही, बागेत घडच जिरले. औषधाच्या दुकानाची उधारी डोक्यावर. बागवाले काका गाडी विकून एखादी स्वस्तातली छोटी गाडी घेणार होते. अजिबात गाडी नाही, हे चालणारं नव्हतं. आईचं डायलिसिस मिरजेत, आठवड्यातून दोनदा.

चहाच्या टेबलावरचं आरटीओ

गाडी २०१६ची, एमएच १०, पहिला मालक, नव्वद हजार किलोमीटर पळालेली. मागणी चार लाख दहा हजार. मला वाटलं, चक्कर मारायची, घासाघीस करायची आणि निघायचं. पण कवठ्यात गाडी आधी चहाच्या टेबलावर पास व्हावी लागते.

एसटी स्टॅण्डजवळच्या हॉटेलात पंचमंडळ बसलंच होतं. गॅरेजवाले मिस्त्री. वीस वर्षं वडापची जीप मारलेले एक काका. निवृत्त गुरुजी. आणि तमिळनाडूहून गावी आलेले एक गलाईवाले. खानापूर-आटपाडीपासून इथपर्यंतच्या दुष्काळी गावांतली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत. त्यामुळे सणाला, जत्रेला इथल्या गल्लीत निम्म्या राज्यांच्या नंबरप्लेटी दिसतात.

चहा आला आणि वाद पेटला.

वडापवाल्या काकांचा देव एकच, बोलेरो. “दोन हजार सालापास्नं तीच गाडी, तेच पार्ट. कुठंबी थांबवा, कोणबी उघडतो.” गुरुजी सुमोवाले. १९९४ ते २०१९ अशी पंचवीस वर्षं चाललेल्या गाडीचं नाव टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावा-आडनावातून आलंय, हेही त्यांनी ऐकवलं. त्यांचा वर्ग अजून सुटलेला नाही.

मिस्त्रींचं मत इंजिनावर. “फियाटचं ते तेराशे सीसीचं डिझेल इंजिन. मारुतीनं वापरलं, टाटानं वापरलं. म्हंजे पार्टला तोटा न्हाई. २०२०ला मारुतीनं डिझेल बंद केलं, तवापास्नं चांगली गाडी कोण सोडत न्हाई.”

गलाईवाल्यांनी बाहेरच्या राज्यातल्या गाडीचा विषय काढला. तिकडून गाडी स्वस्त मिळते, दिल्लीची तर फारच. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५च्या हरित लवादाच्या आदेशापासून टाच आली आणि त्या गाड्या देशभर पसरल्या. पण एनओसी आणा, इथला टॅक्स भरा, नवा नंबर घ्या. हिशेब मांडला की स्वस्ताई निम्म्यावर येते.

“आन कंपनीच गेली तर?” मामांनी काडी टाकली. शेवरोलेची इथली विक्री २०१७मध्ये थांबली, फोर्डनं २०२१मध्ये गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. गाड्या त्याच राहिल्या, भाव मात्र बसला.

गुरुजींनी मग जीएसटी काढला. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला. “नवी स्वस्त झाली की जुनीनं मान खाली घालायची. माझ्या पोरानं लगेच नवी घेतली, आता माझी वॅगन आर दारात उभी.” हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कुणीतरी देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांचा विषय काढला. याच जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं गाव. लोहारांनी भंगारातल्या भागांतून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी मिनी जीप बनवली. डिसेंबर २०२१मध्ये आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२मध्ये दिलीही. साधारण साठ हजारांत बनलेल्या गाडीला बोलेरो! “जिल्ह्यातलं सगळ्यात भारी एक्स्चेंज,” वडापवाले म्हणाले. बोलेरोचा विजय झाल्यासारखा त्यांचा चेहरा.

मी मध्येच विचारलं, “पण सगळ्यात भरवशाची गाडी कुठली?”

मिस्त्रींनी बशीतला चहा संपवला. “ताई, गाडी कुठलीबी बंद पडती. पडल्यावर उघडणारा माणूस किती लांब हाय, तो भरवसा.”

बुडालेली की धुळीतली?

मग सगळे उठून गाडीपाशी. मिस्त्रींचा पहिला प्रश्न मीटरबद्दल नव्हताच. “पुरात गाडी कुठं होती?”

सांगलीत हा प्रश्न गमतीचा नाही. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५मध्ये पूर, २०२१मध्ये पुन्हा पूर. पाण्यात बसलेली गाडी धुऊन, पॉलिश करून चकाचक होते. पण वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी सहा महिन्यांनी बोलायला लागतं. एक दिवस काच खाली होत नाही, एक दिवस दिवे जात नाहीत, एक दिवस गाडीच जागची हलत नाही.

मिस्त्रींनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. टोकाला गाळाची रेघ आहे का बघितलं. स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बोट फिरवलं. मॅट उचलून वास घेतला. “कोरडी हाय.” एअर फिल्टर काढला तर मुठीनं धूळ. “ही आमची वळख.”

तिथे उभी असताना मला एक गंमत जाणवली. चाळीसेक किलोमीटरवर पाणी गाड्या बुडवतं आणि इथे तेच पाणी पंपानं चढवून आणावं लागतं. ज्या कोरडेपणामुळे या तालुक्याला आयुष्यभर ‘दुष्काळी’ म्हणून हिणवलं, तोच इथल्या गाडीचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट. धूळ झटकता येते. गाळ जात नाही.

दुसरी गोष्ट, गाडीचा सगळा इतिहास समोर उभा. बंपर कधी घासला, हे वडापवाल्यांना माहीत, कारण ते मागेच होते. टायर कधी बदलले, हे मामांना माहीत. क्लच प्लेट आता मागणार, हे तर बागवाल्या काकांनीच मला न विचारता सांगितलं. ॲपवर याच माहितीचे ‘दोनशे पॉइंट इन्स्पेक्शन’ म्हणून पैसे लागतात.

गिऱ्हाईक तुटलं

मग मिस्त्रींनी मला विचारलं, “रोजचं पळणं किती तुमचं?”

“येऊन-जाऊन चोवीस किलोमीटर.”

“वेळ?”

“दोन तास. पाऊस असला तर तीन.”

टेबलाभोवती आधी शांतता, मग हसू. “आमचा ट्रॅक्टर बरा की,” वडापवाले म्हणाले.

मिस्त्री हसले नाहीत. गाडीचा मालक शेजारी उभा असताना त्यांनी सरळ सांगितलं, “ताई, ही तुमच्या कामाची गाडी न्हवं. डिझेल घ्यायचं तर पळवायला घ्यावं. एवढ्याशा पळण्यात जादाचे पैसे निघत न्हाईत. तिथं नुसता क्लच दाबत बसणार, आन डिझेलचं काम निघालं तर खर्च पेट्रोलच्या दुप्पट. तुम्ही छोटी पेट्रोल बघा.”

मी बागवाल्या काकांकडे बघितलं. चार लाखांचं गिऱ्हाईक डोळ्यांदेखत तुटत होतं. गाडीच्या छपरावर हात ठेवून ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, “खरं हाय त्यांचं. ही हमरस्त्याला पळालेली गाडी. रांगायची सवय न्हाई तिला.”

नंतरचा अर्धा तास माझ्या गाडीचा नव्हता, त्यांच्या गाडीचा होता. मिरजेला आठवड्यातून दोनदा जाऊन यायचं, आई मागच्या सीटवर झोपून येणार, आणि गाडीवर दीड लाखाच्या वर घालायचं नाही. वाटेत बंद पडणं परवडणारच नाही. आता कुणी बोलेरोचं नाव काढलं नाही, कारण या पैशात बरी बोलेरो मिळत नाही हे वडापवाल्यांनाच ठाऊक. गुरुजींची २०१२ची वॅगन आर पुढे आली. पेट्रोल, कमी पळालेली, दार उंच, म्हणजे आजारी माणसाला वाकावं लागत नाही. २०२७मध्ये पंधरा वर्षं भरतील, मग आरटीओत तपासून पाच हजार फी भरली की पुढची पाच वर्षं. मिस्त्री म्हणाले, “मिरजेपातूर वाटंवर तीन गॅरेजं हायती. तिन्ही माझी पोरं.” गुरुजींनी एक लाख साठ सांगितले आणि टेबलावरच्या नजरा बघून स्वतःच एक लाख चाळीसवर आले.

घरी जाताना मी मामांना विचारलं, “मिस्त्री गप्प बसले असते तर काकांचं काम झालं असतं ना?”

“झालं असतं की. पण दोन म्हैन्यांनी तू मला शिव्या घातल्या असत्यास, मी मिस्त्रीला. आन मिस्त्रीला उद्याबी त्याच टेबलावर चा प्यायचाय.”

गावात सत्ययुग अवतरलंय, असा माझा दावा नाही. मीटर मागे फिरवणारे इथेही आहेत. फरक इतकाच, की ते कोण हे सगळ्यांना माहीत आहे. शहरात आपण एकमेकांना ओळखत नाही, म्हणून वॉरंटी विकत घेतो. इथे वॉरंटीचा कागद नाही, पण विकणारा रोज एसटी स्टॅण्डवर भेटतो. त्याची किंमतही असते. गरजू माणसाला सगळ्यांसमोर आपलंच गिऱ्हाईक सोडावं लागतं.

स्विफ्ट पंधरा दिवसांनी तीन लाख नव्वदला गेली. गलाईवाल्यांच्या गावाकडच्या भावानं घेतली, क्लच प्लेट बदलून. वॅगन आर बागवाल्या काकांच्या दारात आहे. मामांच्या रिपोर्टप्रमाणे मिरजेची एकही फेरी चुकलेली नाही. मी पुण्यात छोटी पेट्रोल घेतली. विकणाऱ्या बाईंच्या घरी दोनदा चहाला गेले, त्यांच्या वॉचमनशी बोलले, त्यांच्या मेकॅनिकचा नंबर घेतला आणि मगच पैसे दिले.

जुनी गाडी बघताना

● सीटबेल्ट पूर्ण ओढा, स्टेपनीखाली हात घाला, मॅट उचला. गाळ किंवा गंज दिसला तर नमस्कार करून निघा.

● टायरवरचे चार आकडे वाचा. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. मीटर वीस हजार आणि टायर दुसरे, तर काहीतरी गडबड आहे.

● एमपरिवहन ॲपवर मालक कितवा, विमा आणि कर्जाचा बोजा तपासा. बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

● फॉर्म २९ आणि ३०वर सही झाल्यावर गाडी नावावर होईपर्यंत पाठपुरावा करा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर घ्या.

कसं जाल?

पुण्याहून मिरजेपर्यंत रेल्वे किंवा एसटी, तिथून महामार्गानं साधारण तीस किलोमीटर. मिरज-पंढरपूर मार्गावर कवठे महांकाळ स्टेशनही आहे. वाटेत दंडोबा, पुढे आरेवाडीचं बिरोबाचं बन जमवता येईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर शेडमध्ये बेदाणा वाळताना दिसेल. गाडी बघायची नसली तरी चहा नक्की घ्या. फक्त बोलेरोला नावं ठेवू नका.