टीका या शब्दापाशी



आपल्या भाषेत एक गंमत आहे. ‘अमक्याने माझ्यावर टीका केली’ म्हटले की तोंड कडू होते, आणि ‘ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका’ म्हटले की आपोआप हात जोडले जातात. शब्द तोच. मग कीर्तन संपल्यावर आपण मंडपामागे जी करतो, ती यातली कोणती?

माझेच सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या सप्ताहात पाचव्या दिवशी एका तरुण मुलाची कीर्तनसेवा होती. तुकोबारायांचा अभंग घेतला होता. आवाज गोड, पण निरूपण मला उथळ वाटले. पंगतीत बसल्यावर मी म्हणालो, ‘‘चाल पाठ आहे, अर्थ पाठ नाही.’’ सगळे हसले. वाक्य जमले होते, माउली. दोन दिवसांत ते गावभर झाले आणि त्याच्या घरीही पोहोचले. पुढच्या सप्ताहात तो मुलगा कीर्तनाला उभा राहिला नाही. मागच्या रांगेत टाळ घेऊन उभा होता.

विण्याच्या पहाऱ्यावरून उतरलेले एक म्हातारे बाबा मला म्हणाले, ‘‘बुवा, तुमचं वाक्य झकास होतं. पण त्यातून आम्हाला तो अभंग जरा तरी अधिक कळला का?’’

तेव्हापासून हा प्रश्न मी डोक्यात घेऊन फिरतो आहे. गीता ७०० श्लोकांची. माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशाला तिच्यावर ९,००० च्या वर ओव्या सांगितल्या. एकट्या अठराव्या अध्यायात ७८ श्लोकांवर १,८०० च्या वर ओव्या आहेत. याला नुसते स्पष्टीकरण कोण म्हणेल? आई तीच गोष्ट लेकराला दहा दृष्टांत देऊन सांगते, तसे ते सांगणे आहे, आणि सांगता सांगता ते स्वतःच काव्य झाले आहे. परंपरेत असेही सांगतात की, ही टीका पुरी झाल्यावर निवृत्तिनाथांनी माउलींना स्वतंत्र ग्रंथ करायला सांगितले आणि अमृतानुभव झाला. म्हणजे दुसऱ्याच्या ग्रंथावर बोलणे वेगळे आणि आपले बोलणे वेगळे, हा भेद खुद्द सद्गुरूंनी केला. मला तो मान्य आहे. तरीही घरोघरी पारायणाला बसतो तो टीकाग्रंथच, हेही तुम्ही पाहताच.

आणि नाथबाबा! शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहिल्या आणि शिरलेले अपपाठ काढून टाकले. दोष काढण्याचेच काम ते. भारुडे रचणाऱ्या एवढ्या मोठ्या कवीला मध्ये आपल्या चार ओव्या घालणे जड नव्हते. घातल्या नाहीत, उलट दुसऱ्या कोणी घालू नयेत म्हणून बजावून ठेवले. मला वाटते, कलेत याहून अवघड काही नसावे. माझ्या पंगतीतल्या वाक्यात मात्र अभंगही नव्हता आणि तो मुलगाही नव्हता. सगळा मीच होतो.

शेवटी मी त्याच्या घरी गेलो. गाथा मध्ये ठेवली आणि म्हणालो, ‘‘माझं चुकलं. पण मला निरूपण उथळ का वाटलं, ते नीट सांगू दे.’’ पहिल्या दोन चरणांविषयी बोललो. त्याने मान खाली घालून सगळे ऐकून घेतले. मग हळूच म्हणाला, ‘‘काका, मी सगळा अर्थ तिसऱ्या चरणावर उलगडला होता. तेव्हा तुम्ही मंडपात नव्हता.’’

मला आठवले. आमटी उतरली का, ते बघायला मी चुलाणाकडे गेलो होतो. परत आलो तेव्हा गजर सुरू झाला होता.

मी म्हणालो, ‘‘मग आत्ता सांग.’’ त्याने सांगितले. अर्धा तास लागला. दोन ठिकाणी मी अडवले, एका ठिकाणी त्याने माझे ऐकले, दुसऱ्या ठिकाणी नाही. त्याची आई दोनदा चहा ठेवून गेली.

यंदा पाचव्या दिवसाची सेवा पुन्हा त्याची आहे. पंगतीची व्यवस्था मी दुसऱ्याकडे दिली आहे.