चौदा सेकंद

२००९ साली माझा भाचा दुबईहून सुट्टीला गावी आला, तेव्हा त्याच्या खिशात कॅसिओचा एक्झिलिम एफसी-१०० हा छोटासा डिजिटल कॅमेरा होता. "मामू, हा सेकंदाला हजार चित्रं टिपतो," तो म्हणाला. मला ती थापच वाटली. मग त्यानेच खुलासा केला. वेग वाढवला की चित्र लहान होत जातं. हजारावर नेलं तर उंची अवघी ६४ ठिपक्यांची, म्हणजे नुसती पट्टी. २१० वर ठेवलं तर ४८० बाय ३६०, त्यातल्या त्यात बरं. ऊन मात्र भरपूर हवं, कारण प्रत्येक चित्राच्या वाट्याला क्षणाचा इतका बारीक तुकडा येतो. आणि अशा चित्रणात आवाज येत नाही, हेही तो म्हणाला होता. माझं तिकडे लक्ष नव्हतं.

अब्बा तेव्हा सत्तरीचे होते. खाडीत पाग टाकण्यात गावात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण फोटोला त्यांचा सक्त विरोध. हजच्या पासपोर्टासाठी काढला तेवढाच. भाच्याने फारच गळ घातली तेव्हा म्हणाले, "जाळ्याचं काढ, माझं नको."

भर दुपारी ते कमरेएवढ्या पाण्यात उतरले. पाग हवेत गेला, पसरला, पाण्यात पडला. जेमतेम दोन सेकंद. सेकंदाला २१० चित्रं घेऊन ती ३० च्या वेगाने दाखवली की काळ सातपट लांबतो. दोनाचे चौदा सेकंद होतात. पडद्यावर पाग एखाद्या फुलासारखा सावकाश उमलला. कडेची शिशाची एकेक गोळी वेगळी दिसली. उभा जन्म शेजारी राहूनही ते मी कधी पाहिलं नव्हतं.

अब्बा २०१४ मध्ये गेले. २०१८ मध्ये कॅसिओनेही असे छोटे कॅमेरे बनवणं सोडलं. ते चित्रण माझ्याकडे आहे. भाच्याने जाळ्यावरच रोख धरला होता, तरी एका कोपऱ्यात अब्बांचा चेहरा आलाच आहे. पाग सोडण्याआधी त्यांचे ओठ हलतात, अगदी संथ. आवाज नाही. पण ते काय म्हणत असत, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. बिस्मिल्लाह.

ते चित्रण मी कोणाला दाखवत नाही. पुसूनही टाकवत नाही. त्यांनी जाळ्याचीच परवानगी दिली होती. दर वेळी मी स्वतःला बजावतो की, जाळंच पाहायचं. आणि दर वेळी नजर त्या कोपऱ्याकडे जाते.