आमची चौथी ‘अ’ नव्हती, नुसतीच चौथी

परवा लंचला एका सहकाऱ्याने मुलीच्या शाळेचं वर्षभराचं ‘अॅक्टिव्हिटी कॅलेंडर’ दाखवलं. गुळगुळीत कागद, महिन्यागणिक वेगळा रंग. जुलैत रोबोटिक्स, सप्टेंबरात फिल्ड ट्रिप, डिसेंबरात ‘डिस्कव्हरी वीक’. मुलगी चौथीत आहे. त्याने सहज विचारलं, "तुमच्याकडे असलं काही होतं का रे?" मी म्हटलं, होतं की! फक्त छापलेलं नव्हतं.

तेव्हापासून ते वर्ष डोक्यात फिरतंय. म्हणून आजचा शनिवार त्याच्या नावावर.

माझं गाव चिखला. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, अगदी वरचं टोक. आणखी थोडं पुढे गेलं की मध्य प्रदेश. गावाची ओळख म्हणजे मॅंगनीजची खाण. या भागात मॅंगनीज काढायला सुरुवात केली ती १८९६ साली स्थापन झालेल्या ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ या इंग्रजांच्या कंपनीने. पुढे १९६२ साली ‘मॉयल’ आली आणि १९७७ पासून ती पूर्ण सरकारी झाली. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी, आमची भूमिगत. वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप खाणीत, निम्म्यांचे धानाच्या बांधीत. माझे बाबा बांधीवाले. एकच तुकडी, त्यामुळे ‘अ’ नाही, ‘ब’ नाही, नुसतीच चौथी. आम्ही सव्वीस जण, एक गुरुजी आणि एक गळकी खोली. साल २००६-०७.

विदर्भातली शाळा जूनच्या शेवटी उघडते. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी अंगणात एक मीटरची सरळ काठी गाडली. ओळंबा लावून, अगदी उभी. काम एकच. दुपारी बारा ते साडेबारा दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि सगळ्यात आखूड सावली वहीत लिहायची. पावसाळ्याचे दिवस, चार दिवस ढग आणि एक दिवस ऊन. तरी पाळ्या लावून आम्ही ते करायचो.

सुरुवातीची सावली जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेला! पुस्तकात तर सूर्य दुपारी दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे सावली उत्तरेला पडायला हवी. आम्ही गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "माझ्याकडे काय पाहता बाबू, काठीकडे पाहा." जुलैच्या मध्यावर एके दिवशी सव्वाबाराच्या सुमारास ढग फाटले आणि काठीला सावलीच नाही. एक जण ओरडला, "गुरुजी, सावली कोठी गेली?" मग आठवडाभराने ती परत आली, पण उत्तरेला.

आता कारण सांगता येतं. चिखला साधारण साडेएकवीस अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, एकदा मे संपताना आणि एकदा जुलैच्या मध्यावर. मधल्या काळात तो दुपारी आपल्या उत्तरेला असतो. मेमध्ये शाळेला सुट्टी, म्हणून आम्हाला जुलैतला सापडला. आणि खरी गंमत डिसेंबरात. २२ तारखेला दुपारची सावली मोजली तर जवळजवळ एक मीटर. काठीएवढीच! आमचे साडेएकवीस अंश आणि सूर्याचे दक्षिणेकडचे साडेतेवीस मिळून पंचेचाळीस. हे गणित मला अकरावीत कळलं, पण उत्तर चौथीतच माहीत होतं. असं उलट्या क्रमाने शिकलेलं विसरत नाही, हा माझा अनुभव.

ऑगस्टमध्ये पोळा झाला. दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, तान्हा पोळा. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे पोळ्याच्या पाडव्याला लहान पोरं लाकडी बैल सजवून घरोघर फिरवतात. त्याच दिवशी तिकडे प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढलं. इकडे आमच्या बैलांची चाकं करकरत होती आणि तिकडे एक ग्रह कमी झाला :) पेपर आमच्याकडे उशिरा यायचा. बातमी वाचून गुरुजींनी भिंतीवरच्या तक्त्यासमोर सगळ्यांना उभं केलं. तक्त्यावर नऊ ग्रह. काय करायचं? कोणी म्हणालं फाडू, कोणी म्हणालं शास्त्रज्ञांना पत्र लिहू. शेवटी प्लुटोखाली कागदाची पट्टी चिकटवली, ‘बटुग्रह, २००६ पासून’. छापलेलं पुस्तकसुद्धा दुरुस्त होऊ शकतं हे मी त्या दिवशी पाहिलं. आज पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या कोडला पॅच लावतो, त्यातला हा पहिला पॅच म्हणायचा.

आता मॅंगनीज. गावात पायाखाली काळा दगड, त्यामुळे त्याचं कुणाला काही नाही. गुरुजींनी टॉर्चचा मेलेला सेल पक्कडने उघडून दाखवला. आत मध्यभागी कार्बनची कांडी आणि भोवती काळी भुकटी. "ही कुठून आली असेल?" कोणी म्हणालं नागपूरहून, कोणी म्हणालं दुकानातून. त्या काळ्या भुकटीत मॅंगनीज डायऑक्साइड असतं, आणि डोंगरी बुजुर्गचं खनिज बॅटरीच्या कारखान्यांत त्याचसाठी जातं. मग त्यांनी मेडिकलमधून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड काचेच्या ग्लासात ओतलं आणि डोंगरीच्या खड्याची चिमूटभर पूड टाकली. फस्स! विझत आलेली उदबत्ती ग्लासात धरली तर भपकन पेटली. ऑक्सिजन. पूड मात्र तळाशी होती तशीच. दुसऱ्याला कामाला लावून स्वतः जशीच्या तशी राहते, त्याला उत्प्रेरक म्हणतात. (असे मॅनेजर मी पुढे बरेच पाहिले, तो वेगळा पोस्ट होईल.)

पण माझ्या मनात राहिला तो वजनाचा प्रयोग. गारगोटी आणि काळा दगड तराजूत तोलायचे, मग भरलेल्या भांड्यात बुडवून सांडलेलं पाणी मोजायचं. गारगोटी तेवढ्याच पाण्याच्या अडीच पट भरली, खनिज चार पटींच्या वर. मग गुरुजींनी घमेलं आणायला लावलं. त्यात पाणी मावलं आठ लिटर. तेच रिकामं करून काळ्या खड्यांनी काठोकाठ भरलं आणि फटींत किती पाणी बसतं ते पाहिलं. साडेतीन लिटर. म्हणजे दगड साडेचार लिटर. चारने गुणा. अठरा किलो!

वर्गात एक मुलगा होता, त्याचे वडील खनिज भरायच्या कामावर. तो फळ्याकडे पाहत होता. हळूच म्हणाला, "मंग माह्या बाबाची कंबर काऊन नाही दुखणार?" कोणी हसलं नाही. गुरुजींनी त्यालाच विचारलं, दिवसात किती घमेली होतात ते घरी विचारून येशील? दुसऱ्या दिवशी तो आकडा घेऊन आला आणि त्याने स्वतः फळ्यावर गुणाकार केला. उत्तर टनांत आलं. आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्यानंतर संध्याकाळी खाणीतून परतणाऱ्या माणसांकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. ते थकलेले का असतात हे मला आता किलोत माहीत होतं.

सहली तीन झाल्या. पहिली खाणीची, पण फक्त वरून. खाली मुलांना नेत नाहीत आणि ते बरोबरच आहे. टोपीवरचे दिवे ओळीने चार्जिंगला लावलेले पाहिले, खनिजाचे ढीग पाहिले. दुसरी गोबरवाहीहून रेल्वेने तिरोडीला. तिरोडी बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे दुसरं राज्य! पोरं खिडकीतून सीमेची रेघ शोधत होती. रेघ काही दिसली नाही. पाट्या हिंदी झाल्या, बाकी तीच झाडं, तेच धान आणि तोच काळा दगड. याच पट्ट्यातल्या एका खडकाला भूवैज्ञानिक फर्मर यांनी गोंड लोकांच्या नावावरून ‘गोंडाइट’ नाव दिलं, हे मी फार नंतर वाचलं. आमच्या गावाजवळची माणसं जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहेत आणि आम्हाला पत्ता नाही. तिसरी सहल अंबागडच्या किल्ल्यावर. देवगडच्या बख्त बुलंदच्या सुभेदाराने, राजाखान पठाणाने, १७०० च्या सुमारास बांधलेला. डबे खाऊन झाल्यावर गुरुजींनी आधी खरकटं उचलायला लावलं आणि मग इतिहास सांगितला.

नोकरीसाठी पुण्यात आल्यावर आयुकामधल्या अरविंद गुप्तांच्या खेळण्यांबद्दल कळलं. ते आयआयटीतून शिकलेले आणि टेल्कोत काम केलेले. १९७२ साली शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबादच्या सोळा शाळांत सुरू झालेल्या विज्ञान कार्यक्रमाबद्दलही वाचलं. महागड्या प्रयोगशाळेशिवाय, हाताने करून शिकणं. तीस वर्षं चालला, पुष्कळ वाढला, आणि २००२ साली सरकारने बंद केला. आमच्या गुरुजींना हे माहीत होतं की नाही, कोण जाणे. पण जातकुळी तीच.

हे सगळं आज लिहायचं कारण निव्वळ नॉस्टॅल्जिया नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली होती. विरोधही बराच झाला. माझा सव्वीसचा वर्ग यात बसत नाही, पण आमच्या आसपासच्या कितीतरी वाड्या-टोल्यांच्या शाळा बसतात.

दुसरी बाजू मला दिसते. पाच मुलांच्या शाळेत खेळायला संघ होत नाही, एकच शिक्षक चार इयत्ता आणि वर माहितीचे तक्ते भरतो. मोठ्या शाळेत लॅब असेल, जास्त शिक्षक असतील, बसही असेल. हे फायदे खोटे नाहीत. पण शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलंय, ते उगीच नाही. दहा वर्षांच्या, विशेषतः मुलींच्या बाबतीत ‘बस आली नाही’ आणि ‘शाळा सुटली’ यात फार अंतर नसतं.

आणि आणखी एक गोष्ट, जी पटसंख्येच्या रकान्यात येत नाही. काठीची सावली जून ते डिसेंबर मोजायची तर काठी पोरांच्या रोजच्या वाटेवर लागते. घमेलं लागतं ते ओळखीच्या घरातलं, आणि त्याचं वजन कोणाच्या बापाच्या कंबरेवर पडतं हे वर्गाला माहीत असावं लागतं. शाळा वीस किलोमीटर लांब गेली तर अठरा किलो हा नुसता आकडा होतो. आकड्यांवर निर्णय घेणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सांगतो. जे मोजलं जात नाही ते डॅशबोर्डवर शून्यच दिसतं.

तेव्हा माझी साधी मागणी आहे. कुठलीही छोटी शाळा हलवण्याआधी अधिकाऱ्यांनी तिथे एक पूर्ण दिवस बसावं. पोरांना विचारावं, यंदा काय काय केलं? उत्तर आलं नाही तर खुशाल बस पाठवा. पण कोणी हात धरून अंगणातली काठी दाखवायला नेलं, तर जरा थांबा.

असो. तुमच्या चौथीत काय काय झालं, लिहून कळवा. पुढच्या शनिवारी भेटूच.