चिठ्ठीचा न्याय

गेल्या मार्गशीर्षांतली गोष्ट. रात्रीं जेवणें आटोपून आम्ही मंडळी कारंज्याच्या घरीं ओसरीवर बसलों होतों, तोंच अमेरिकेंतून माझ्या पुतण्याचा फोन आला. तो आयडाहो नांवाच्या राज्यांत बॉइसी शहरीं नोकरीला असतो. ख्यालीखुशाली झाल्यावर तो म्हणाला, "काका, इकडे एक गंमत चालली आहे. हरणांसाठीं चिठ्ठ्या टाकताहेत!"

हरणांसाठीं चिठ्ठ्या म्हणजे काय, हें मला प्रथम उमगेना. त्यानें सांगितलें तें असें : त्या देशांत शिकारीला बंदी नाहीं, तशी मोकळीकहि नाहीं. हरीण किंवा एल्क नांवाचें सांबरासारखें मोठें जनावर मारावयाचें तर परवान्याखेरीज त्या एका जनावरापुरता सरकारी बिल्ला विकत घ्यावा लागतो. असे बिल्ले मोजके आणि मागणारे उदंड. परराज्यांतून येणाऱ्यांना आयडाहोंत हरणांचे व एल्कचे नेहमींच्या हंगामाचे बिल्ले आजवर 'जो आधीं येईल त्याला आधीं' या रीतीनें विकले जात. विक्रीच्या दिवशीं हजारों माणसें संगणकापुढें रांग धरून बसत. २०२६ च्या हंगामापासून ती रीत मोडली. आतां ठराविक दिवसांच्या आंत सर्वांनीं अर्ज करावयाचे, आणि मग सोडत. पुतण्याच्या कचेरींतील एका स्नेह्याचा भाऊ दुसऱ्या राज्यांतून दर शरद ऋतूंत येई, आणि दोघे भाऊ वडिलांच्या वेळच्या राहुटींत आठवडाभर एकत्र राहात. चिठ्ठी न निघाली तर तो नेम चुकणार, म्हणून तें घर काळजींत होतें.

"काका, रांग बरी कीं चिठ्ठी बरी?" असें त्यानें विचारलें, आणि थोडें थांबून हळूच म्हणाला, "आपल्याकडची ती चिठ्ठी मींच उचलली होती ना?"

मीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. पलीकडे वहिनी वाती वळीत बसल्या होत्या.

रांगेविषयींचें माझें मत माझ्या आजोबांनीं बनवून ठेवलेलें आहे. इंग्रजी अमदानींत ते वऱ्हाडांतील एका जंगल-कचेरींत कारकून होते. त्या काळीं मध्यप्रांत-वऱ्हाडांतील सरकारी जंगलांचे शिकारीसाठीं 'ब्लॉक' पाडलेले असत. ज्याला शिकारीची हौस त्यानें जंगलअधिकाऱ्याकडे अर्ज करावा, ठराविक मुदतीसाठीं एक ब्लॉक त्याच्या नांवें राखला जावा, आणि कोणत्या जातीचीं किती जनावरें मारावयाचीं याची मर्यादा त्याला घालून द्यावी, अशी व्यवस्था होती. कागदावर ती चोखच होती. पण आजोबा म्हणत, "अर्जावर आवकेचा शिक्का मी मारीत असें, कोणता अर्ज आधीं आला तें मात्र मी ठरवीत नसें." रांग ज्याच्या दारापासून सुरू होते तो नेहमीं पहिला, असा त्यांचा सिद्धान्त होता. साहेबांच्या ओळखीच्या पाहुण्यांचे अर्ज आधीं 'आलेले' असत; आणि ज्या कुणब्याचें शेत रानडुकरांनीं नांगरल्यासारखें उकरून टाकलें, त्याचा अर्ज त्या गठ्ठ्यांत कधीं दिसतच नसे.

स्वराज्य आल्यावरहि शिकारीचे परवाने लगेच बंद झाले नाहींत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांतहि मोठ्या शिकारीचा, लहान शिकारीचा असे निरनिराळे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीनें ते सारे गेले. हौसेखातर जनावर मारण्याचा हक्क आपल्याकडे आतां कोणालाच नाहीं. म्हणून पुतण्याचा प्रश्न आम्हांला तसा परका वाटावयास हवा होता. पण तो परका वाटला नाहीं. कारण चिठ्ठी आमच्या घरांतहि एकदां पडली आहे.

१९९६ सालीं आमच्या घराची वाटणी झाली. वाटणी हा शब्द ऐकतांच वाचकांच्या डोळ्यांपुढें भांडणें उभीं राहतील, पण आमच्याकडे तसें कांहीं झालें नाहीं. नाना हयात होते. आम्ही तिघे भाऊ, आणि शेतेंहि तीन. एक विहिरीचें, एक रस्त्याकाठचें, आणि एक सोहळच्या बाजूला कुरणाच्या कडेला. कुरणाकडची जमीन काळी, कसदार. विहिरीच्या पाण्याचें मोल त्या जमिनीनें भरून निघे. तिन्ही शेतें उजवीं-डावीं करून नानांनीं बरोबरीचीं ठरविलीं, तीन चिठ्ठ्या लिहिल्या, देवापुढें तांब्यांत टाकल्या, आणि घरांतलें सर्वांत लहान मूल पुढें बोलावलें. तोच हा पुतण्या; तेव्हां तो सहा वर्षांचा होता. त्यानें दादांच्या नांवानें पहिली चिठ्ठी उचलली, ती कुरणाकडच्या शेताची निघाली. दादा हंसून म्हणाले, "पोराचा हात चांगला आहे." त्या दिवशीं आम्हां धाकट्यांना खरोखरच थोडा हेवा वाटला होता, हें आज कबूल करण्यास हरकत नाहीं.

पुढें २००० सालीं कारंजा-सोहळचें काळवीट अभयारण्य झालें. सुमारें अठरा चौरस किलोमीटरांचें तें माळरान आहे. पहाटे धुक्यांतून काळविटांचा कळप उड्या घेत जातो, तें दृश्य पाहावयास मी नातवंडांना मुद्दाम घेऊन जातों. अभयारण्य झालें तें योग्यच झालें. परंतु जनावरांना सीमा वाचतां येत नाहीं. गवत वाळलें कीं त्यांचे पाय शेतांकडे वळतात. आणि काळविटांपेक्षां अधिक येतात ते रोही व रानडुकरें. उत्तरेकडे रोह्याला नीलगाय म्हणतात, आणि नांवांत गाय असल्यामुळें त्याच्यावर बंदूक उगारावयास पुष्कळांचे हात कचरतात. २०१६ च्या जूनमध्यें बिहारांत मोकामा भागांत सरकारी परवानगीनें अडीचशेंवर नीलगाई मारल्या, तेव्हां दिल्लीच्या मंत्र्यामंत्र्यांतच जाहीर वाद झाला होता. आमच्या वऱ्हाडांत तो नुसता रोही. पण एका रात्रींत तो तुरीच्या शेताची काय दशा करतो, तें शेंगा भरल्यावर येऊन पाहावें.

दादा गेल्यावर तें शेत वहिनींकडे आलें, आणि त्यांनीं तें बटईनें दिलें. बटईदार भला माणूस. तो हिंवाळाभर शेतांत जागल करतो. मचाणावर शेकोटी, हातांत डबा आणि काठी. दोन वर्षांपूर्वींच्या पौषांत तो एके सकाळीं ओसरीच्या पायरीशीं येऊन बसला. "बाई, रातभर जागलो. पहाटीं जरासा डोळा लागला अन् कळप येऊन गेला. आतां काय कापावं?" एवढेंच तो म्हणाला. मग त्यानें खिशांतून एक कागद काढला. रोही मारण्याच्या परवानगीचा तो अर्ज होता, आणि त्यावर जमिनीच्या मालकाची म्हणून त्याला वहिनींची सही हवी होती.

येथें कायदा थोडा सांगितला पाहिजे. काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत येतो. पिकाच्या नुकसानीसाठीं त्याला मारण्याची परवानगी मिळूंच शकत नाहीं. रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचींत येतात. तीं उभ्या पिकाला घातक ठरलीं तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनीं अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊं शकतो. म्हणजे आजोबांच्या गठ्ठ्यांत जो अर्ज कधीं दिसत नसे, तेवढाच आतां उरला आहे. हौशीचा अर्ज गेला, गरजवंताचा राहिला. हा बदल मला मोठा वाटतो.

पण वहिनींच्या हातांत कागद आला तेव्हां हा विचार कोणाला सुचणार? आमचें घर शाकाहारी. वहिनी मुंगीला साखर घालणाऱ्या. मला वाटलें, त्या कागद परत करतील. त्यांनीं चष्मा मागितला, अर्ज दोनदां वाचला आणि सही केली. मी चकित होऊन पाहात राहिलों, तेव्हां त्या म्हणाल्या, "भाऊजी, शेत मी एकटी कसत असतें तर सही केली नसती. पण थंडींत उभा राहतो तो. माझ्या पुण्याची किंमत त्यानें कां द्यावी?"

परवानगी मिळाली. पण बंदूक कोणाजवळ होती? बटईदाराजवळ परवान्याची बंदूक नाहीं, गांवांतहि कोणाजवळ नाहीं. तो कागद वहिनींच्या देवघराच्या कोनाड्यांत तसाच पडून राहिला, आणि बटईदार पुन्हां मचाणावर गेला. नुकसानीचा पंचनामा होतो, सरकारी भरपाईहि मिळते. पण ती गेलेल्या पिकाची असते, गेलेल्या झोपेची नसते. दरम्यान माझ्या विहिरीच्या शेतांत हरभरा सुखानें डुलत होता.

पुतण्याच्या फोनानंतर मी त्या परदेशी चिठ्ठ्यांविषयीं आणखी वाचूं लागलों. तेथें प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. न्यू मेक्सिकोंत ज्यानें दहा वर्षें अर्ज केला आणि ज्यानें आजच केला, दोघांचीहि संधि सारखी. कोलोरॅडोंत प्रत्येक हुकलेल्या वर्षाचा एक गुण खात्यावर जमतो, आणि अधिक गुणवाल्यास आधीं बिल्ला मिळतो. पण सारेच गुण साठवूं लागल्यानें नामी जागांसाठींची प्रतीक्षा वर्षांनुवर्षें लांबत गेली, आणि नव्या मुलाला आपली पाळी केव्हां येईल तें दिसेनासें झालें. नेवाडांत गुणांचा वर्ग करून तितक्या जादा संधि देतात. तीन वर्षें हुकलेल्याच्या नांवाच्या जणूं दहा चिठ्ठ्या पडतात, तरी नवख्याची एक चिठ्ठी असतेच. हें सारें वाचतांना मला त्यांतलें एक सामान्य सूत्र दिसलें. चिठ्ठीला ओळखपाळख नसते, म्हणून ती रांगेपेक्षां बरी; पण तिला आठवणहि नसते. मागच्या वेळीं कोण हुकला, हें तिला ठाऊक नसतें. ते गुण म्हणजे चिठ्ठीला आठवण शिकविण्याची माणसांची खटपट होय. शिवाय त्यांची चिठ्ठी दर वर्षीं नव्यानें पडते. यंदां हुकला त्याला पुढचें वर्ष आहे.

आमची चिठ्ठी मात्र १९९६ सालीं एकदांच पडली. त्या दिवशीं ती पूर्ण न्यायाची होती. नानांच्या न्यायांत मी आजहि खोट काढूं शकत नाहीं. पण शेतें बदललीं, माळ बदलला, दादा गेले, आणि आम्ही मात्र 'चिठ्ठीनें दिलें' या एका शब्दाच्या आड तीस वर्षें स्वस्थ बसलों. वहिनींनीं कधीं तक्रार केली नाहीं, हें आम्हांला सोयीचें पडलें. एका अजाण पोरानें उचललेला कागद त्या पोराला परदेशांत टोचत होता, आणि ज्यांच्या वांट्याला चांगलीं शेतें आलीं त्यांना टोचत नव्हता!

संक्रांतीला धाकटा भाऊ आला तेव्हां मीं विषय काढला. पुन्हां चिठ्ठ्या टाकाव्या असें तो म्हणाला. पण तेवढ्यानें रोह्यांचें भक्ष्य एका घरावरून दुसऱ्या घरावर गेलें असतें. शेवटीं असें ठरलें कीं, रोही हा आमच्या घराचा चौथा वांटेकरी समजावयाचा. तो जेवढें खाईल तेवढें, सरकारी भरपाई वजा जातां, तिन्ही शेतांनीं मिळून भरावयाचें. त्यांत बटईदाराचें नुकसान आधीं धरावयाचें.

वहिनींना सांगितलें तेव्हां त्या प्रथम रागावल्या. "मला कोणाचे उपकार नकोत," म्हणाल्या. मीं म्हटलें, "वहिनी, हे उपकार नव्हेत. तुमच्या शेतानें इतकीं वर्षें माळाचा कर भरला, आणि आम्ही फुकट काळवीट पाहिले." यावर त्या किंचित् हंसल्या. त्या रात्रीं मीं पुतण्याला कळविलें कीं रांगेपेक्षां चिठ्ठी बरी, पण ती टाकून हात झटकूं नयेत. त्याच्या स्नेह्यानें यंदांचा निकाल काय लागेल तो हंसतमुखानें घ्यावा. पुढच्या वर्षीं पुन्हां तांब्या हलणारच आहे.

फोन ठेवल्यावर वहिनी तिळगुळाचा डबा झांकतां झांकतां म्हणाल्या, "भाऊजी, हिशेब दर वर्षीं कराल ना? एकदां करून विसरूं नका म्हणजे झालें."