नाते, असल्यास

आमच्या बँकेच्या नॉमिनेशन फॉर्मवर एक रकाना आहे : ‘ठेवीदाराशी नाते, असल्यास’. तळवड्याच्या शाखेत परवा एक फिटर त्या रकान्यापाशी अडला. शेजारी बाई, तिच्या कडेवर पोर. दहा वर्षांचा संसार, लग्न तेवढं राहून गेलेलं.

“साहेब, इथं काय लिहू?”

‘उरकून टाका की लग्न,’ हे वाक्य मी गिळलं. कर्जवसुली सोडली तर कुणाच्या घरात शिरायचं नाही, हा माझा नियम.

आता गंमत बघा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं ‘विवाहासारखे संबंध’ मानले आहेत. म्हणजे यानं मारलं, तर तिला संरक्षण आहे, डोक्यावर छप्पर आहे. पण हा गडी मारकुटा नाही. उद्या सज्जनपणे मेला, तर ती कोण? नॉमिनी म्हणून पैसे तिच्या हातात पडतील. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. गावाकडचा भाऊ वारस म्हणून उभा राहिला, की हिनं कोर्टात नातं शाबीत करत बसायचं.

“मृत्युपत्र करून ठेवा,” मी म्हणालो.

“बघा!” बाई त्याच्यावर उखडली, “लग्नाला दहा वर्षं सवड नाही, आता मरणाचे कागद करा!”

त्यानं मुकाट्यानं रकान्यात लिहिलं : ‘पोराची आई’.

मी शिक्का मारला.