आवळायचं किती

निपाणीहून बेळगावला दवाखान्यात यायचं असलं की बाई पहाटेपासून पाणी पीत नाही. पाऊणशे किलोमीटरचा रस्ता. बस मध्ये कुठे थांबेल, थांबली तर तिथे आडोसा असेल का, याचा भरवसा नसतो. दहा-अकराला ती माझ्यासमोर येते तेव्हा ओठ कोरडे पडलेले असतात. खुर्चीच्या कडेवर बसते, टेकून बसत नाही. लुगड्याखाली जुन्या सुती कापडाची घडी असते. कंबर दुखते म्हणून सांगते, गुडघ्यांचं सांगते, बीपीच्या गोळ्या दाखवते. मी कागद लिहून देते. ती उठते, दाराशी जाते, सून बाहेर गेल्याची खात्री करून मागे वळते आणि म्हणते, "बाई, आणि एक होतं."

ते 'आणि एक' म्हणजेच ती आल्याचं खरं कारण असतं. हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आता मी वाट बघत नाही, स्वतःच विचारते. खोकलं, शिंकलं, हंडा उचलला की लघवी सुटते का? मराठी बाई म्हणते, "सुटतीया की. पर वय झालं म्हटलं, असंच असंल." कानडी बाईला 'केम्मु' आला की काय होतं म्हणून विचारते. भाषा बदलते, पण मान तशीच खाली जाते. मराठीत तिला लाज म्हणतात, कानडीत नाचिके.

निपाणी ही तंबाखूची पेठ. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांच्या पिढ्या इथे गेल्या. याच बायका ऐंशीच्या सुमारास मजुरीसाठी संघटित झाल्या, आणि 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला. हजारोंच्या मोर्चात मोठ्याने घोषणा देणाऱ्या बायका. त्यांच्यातलीच एखादी साठी ओलांडून माझ्याकडे येते आणि एवढी एक गोष्ट कुजबुजून सांगते.

तंबाखूची धूळ नाकात जाते, घशात बसते, आणि खोकला जन्माचा सोबती होतो. तीन-चार बाळंतपणांनी ओटीपोटाचा तळ आधीच सैल झालेला असतो. त्यावर हा खोकला दिवसातून शेकडो वेळा आतून धक्का देतो. मिशिगनचे जॉन डीलान्सी यांनी १९९४ साली हे छान समजावून सांगितलं होतं. आमच्याकडे उसाला पाणी पाजणाऱ्या कुणालाही ते पटेल. पाइप फरशीवर असेल आणि पाइपवर पाय दिला तर पाणी थांबतं. तीच पाइप चिखलात असेल तर ती खाली रुतते आणि पाणी वाहतच राहतं. लघवीच्या नळीखालचा आधार ढिला पडला की खोकल्याच्या दाबाने नळी मिटत नाही, नुसती खाली जाते. म्हणजे बिघाड नळीत नसतो, तिच्याखालच्या फरशीत असतो.

ऑपरेशन त्या फरशीचं करायचं. नळी आवळायची नाही. एवढं साधं वाक्य, पण माझ्या हातांना ते फार उशिरा समजलं.

आम्ही शिकत होतो तेव्हा अंग बाहेर आलेल्या बाईची गर्भपिशवी खालून काढताना मूत्राशयाच्या मानेखाली दोन-तीन टाके घालायचे, अशी रीत होती. हॉवर्ड केली या अमेरिकन डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सांगितलेले हे टाके. घरी जाताना बाई कोरडी असायची, सगळे खूश. दोन-चार वर्षांत टाके ढिले पडायचे आणि ती पुन्हा घडी वापरू लागायची. परत मात्र यायची नाही. 'नशिबात होतं' म्हणून गप्प बसायची, आणि आमच्या दप्तरात ते ऑपरेशन यशस्वीच राहायचं. १९६१ साली जॉन बर्च यांनी पोटाकडून जाऊन योनीची भिंत हाडाजवळच्या घट्ट पट्ट्याला टाक्यांनी टांगायची पद्धत आणली. ती टिकाऊ होती, पण ऑपरेशन मोठं होतं. १९९६ साली स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी सेंटीमीटरभर रुंदीची, पॉलिप्रोपिलीनच्या जाळीची टेप नळीच्या मध्याखालून नेली आणि टाका न घालता तशीच सोडून दिली. टेप जागच्या जागी शरीरातच रुजते. पट्टीने आधार देण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी अंग बाहेर येण्यावर पट्टीचंच ऑपरेशन बसवलं होतं.

उल्मस्टेन यांच्या पद्धतीतला सगळ्यात सुंदर भाग म्हणजे बाईला पूर्ण भूल द्यायची नाही. जागा तेवढी बधिर करायची, मूत्राशयात पाणी भरायचं आणि टेबलावरच तिला खोकायला सांगायचं. धार येते. टेप थोडी ओढायची. पुन्हा खोक म्हणायचं. आता दोन थेंब येतात. तिथेच थांबायचं. तो शेवटचा थेंबही थांबवण्याचा मोह होतो, आणि घोळ तिथेच होतो. म्हणून टेप आणि नळी यांच्यामध्ये कात्रीचं मिटलेलं पातं ठेवायचं, टेपवरचं प्लॅस्टिकचं आवरण दोन्ही बाजूंनी ओढून काढायचं, आणि पातं सहज बाहेर येतं की अडतं ते बघायचं. अडलं तर टेप घट्ट बसली आहे.

मी नवखी होते तेव्हा एकदा ते पातं काढताना जरा अडलं होतं. चिकोडीकडच्या एका खेड्यातली बाई होती, पंचेचाळिशीची. अडलेलं माझ्या हाताला कळलं होतं. तरी मनात म्हटलं, हिला नक्की गुण आला पाहिजे, असू दे थोडी घट्ट. दुसऱ्या दिवशी कॅथेटर काढला तर लघवी होईना. पोट फुगलं, घाम फुटला. पुन्हा कॅथेटर घातला. तीन दिवसांनी काढला, पुन्हा तेच. घरी जाताना तिच्या हातात लघवीची पिशवी होती, आणि ती लपवायला नवऱ्याने तिला भाजीची कापडी पिशवी आणून दिली होती. तीन आठवड्यांनी मी तिला परत टेबलावर घेतलं आणि टेप मधोमध कापली. लघवी मोकळी झाली. खोकल्यावर थोडी गळायलाही लागली. ती मला एक शब्दही बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. चूक टेपची नव्हती, कंपनीची नव्हती. माझ्या हाताची होती.

आवळणं म्हणजे काम पक्कं, हे सर्जनच्या बोटांत मुरलेलं असतं. रक्तवाहिनी बांधायची, गाठ घट्ट मारायची, तीनदा मारायची. या एका ऑपरेशनात तीच सवय बाईच्या मुळावर येते. मला हे सर्वांत नीट सांगितलं ते निपाणीच्या एका विडी वळणाऱ्या मावशींनी. ऑपरेशन काय करणार म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी कागदावर पट्टी काढून दाखवली आणि म्हटलं, फार घट्ट बसली तर लघवी अडते, फार सैल राहिली तर गळत राहते. त्या हसल्या. म्हणाल्या, "विडीचं बी तसंच की बाई. आवळली तर ओढत न्हाई, सैल ऱ्हायली तर तंबाखू सांडतो. पोरीला शिकवाय वरीस लागतं." नंतर एकदा त्या विड्या वळत असताना, मांडीवरच्या सुपात, ओल्या पानावर चिमूटभर तंबाखू टाकून, अंगठ्याखाली पान गुंडाळून दोरा बांधणारी ती बोटं मी निरखून बघितली. दोरा बांधताना त्या विडीकडे बघतही नव्हत्या.

त्यांना मी जाळीची टेप बसवली नाही. त्यांच्याच पोटाच्या स्नायूवरचं पांढरं, चिवट आवरण असतं, त्याची बोटाएवढी पट्टी काढून वापरली. बाहेरची वस्तू अंगात जात नाही, विकत काही घ्यावं लागत नाही. पोटावर छेद येतो, बरं व्हायला दिवस जास्त लागतात. शेवटी पट्टीला बांधलेले धागे पोटाच्या भिंतीवर एकमेकांना गाठायचे, आणि गाठीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. माझ्या शिक्षकांनी दोन बोटं सांगितली होती. मावशींचं ऑपरेशन करताना मी ती आधी घातली आणि गाठ मग मारली.

या पट्टीची आणि बर्चच्या ऑपरेशनची तुलना अमेरिकेत ६५५ बायकांमध्ये झाली, २००७ साली ती छापून आली. दोन वर्षांनी खोकण्या-शिंकण्याने होणारी गळती थांबलेल्या बायका पट्टीच्या गटात ६६ टक्के, बर्चच्या गटात ४९ टक्के. पण लघवीला अडथळा पट्टीवाल्यांत १४ टक्के बायकांना झाला, बर्चमध्ये २ टक्के. टेपचा टिकाऊपणा नॉर्डिक देशांतल्या डॉक्टरांनी १७ वर्षं पाठपुरावा करून पाहिला. तपासायला मिळालेल्या बायकांपैकी ९० टक्क्यांहून जास्त तपासणीत कोरड्या होत्या. अशा आकड्यांवरच मी हे ऑपरेशन विश्वासाने करते.

तरी माझी झोप उडवणारा आकडा वेगळाच आहे. २०१० साली ५९७ बायकांवर टेपच्या दोन पद्धतींची तुलना झाली. ओटीपोटाच्या हाडामागून नेलेली टेप आणि मांडीच्या सांध्याकडून नेलेली टेप. वर्षाने डॉक्टरांच्या मोजणीत यश ८०.८ आणि ७७.७ टक्के. बायकांना विचारलं तर ६२.२ आणि ५५.८. म्हणजे मी जिला 'बरी' असं लिहिते, तिच्यासारख्या चारांतली एखादी स्वतःला बरी म्हणत नाही. तिची घाई राहिली असेल, मोरीपर्यंत पोचायच्या आत सुटत असेल, धार बारीक झाली असेल. घाईने सुटणारी लघवी हा वेगळा आजार. त्याला व्यायाम आहे, गोळ्या आहेत, टेप नाही. हे आधी नीट विचारून घेतलं नाही तर ऑपरेशन चांगलं होतं आणि बाई तशीच राहते.

म्हणून पहिल्या भेटीत मी सुरीचं नाव काढत नाही. तीन दिवसांचं टिपण करायला सांगते. किती प्यायली, किती वेळा गेली, कधी सुटली. लिहिता येत नसेल तर नातीने रेघा मारायच्या. खोकला आधी बरा करायचा, मिसरी सोडायची. आणि तीन महिने ओटीपोटाचा व्यायाम. वारा आणि लघवी दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, धरायचं, सोडायचं. अरनॉल्ड केगेल यांनी १९४८ साली सांगितलेला हा व्यायाम विड्या वळताना बसल्या जागी होतो. २५ विड्यांचं एक बंडल बांधलं की दहा वेळा, असा हिशेब बायकांनीच लावला. नेदरलँड्समध्ये ४६० बायकांपैकी अर्ध्यांना व्यायामाकडे आणि अर्ध्यांना टेपकडे पाठवलं होतं. व्यायामाच्या गटातल्या ४९ टक्के बायका वर्षाच्या आत ऑपरेशनकडे वळल्या, आणि एकूण फायदा टेपच्या गटात जास्त दिसला. मी ते वाक्य असंही वाचते की निम्म्या बायका वळल्या नाहीत.

'पिशवी काढून टाका म्हणजे सगळं थांबेल' असं सांगणारे अजून भेटतात. पिशवी काढल्याने खोकल्यावर सुटणारी लघवी थांबत नाही. नुसत्या गळतीसाठी पिशवी काढून घेतलेल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा मला फार राग येतो. त्यांच्यासमोर तो दाखवत नाही, कारण त्यांना तो स्वतःवरच वाटेल.

माझ्याकडे ऑपरेशनची एक जाड वही आहे. पूर्वी तिच्यात एकच रकाना होता, 'गळती : आहे / नाही'. आता दोन आहेत. एकात माझी तपासणी, दुसऱ्यात तिचं उत्तर, तिच्याच शब्दांत. आमच्या बायका सहा आठवड्यांनी टाके दाखवायला येतात, नंतर येत नाहीत. मग मी वर्षाने फोन लावते. सुनेने उचलला तर तिच्याशी काही बोलत नाही, सासूबाईंना द्या म्हणते.

विडीवाल्या मावशींना दोन वर्षांनी फोन लावला. जोरात शिंक आली तर अजून एखादा थेंब पडतो म्हणाल्या. माझ्या रकान्यात मी 'आहे' लिहिलं. मग म्हणाल्या, माघी पुनवेला सौंदत्तीच्या जत्रेला जाऊन आले, ट्रॅक्टरवर बसून, सगळ्यांच्या मधे. वाटेत पाणी प्यायला का, असं मी विचारलं. "दोन तांबे," त्या म्हणाल्या. दुसऱ्या रकान्यात ते लिहिलं.

टेपबद्दल एक सांगायचं राहिलं. इंग्लंडमध्ये जुलै २०१८ मध्ये जाळीची ही ऑपरेशनं थांबवण्यात आली, कारण काही बायकांना कायमची वेदना जडली होती, आणि वर्षानुवर्षं सांगूनही त्यांचं कोणी मानलं नव्हतं. बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने २०२० साली त्यांचं म्हणणं नोंदवलं. सीमाभागातल्या बायका ऑपरेशन एका गावी करतात आणि त्रास झाला की दुसऱ्याच गावच्या डॉक्टरकडे जातात. कधी कोल्हापूर, कधी मिरज, कधी बेळगाव. फाइल घरी असते नाहीतर हरवलेली असते. तेव्हा ज्यांचं हे ऑपरेशन झालंय, त्यांनी डिस्चार्जचं कार्ड जपून ठेवा. टेप बसवली असेल तर तिचं नाव आणि तारीख त्यावर लिहून मागून घ्या. धार बारीक झाली, मांडीत कळ राहिली, नवऱ्याला किंवा तुम्हाला आत काही टोचलं, तर ऑपरेशनला कितीही वर्षं झाली असली तरी ते कार्ड घेऊन या. आणि दाराशी जाऊन मागे वळू नका, बसल्या बसल्या पहिलं तेच सांगा.