दोन नळ्यांचा गोंद

मुंबई, पनवेल, रेवदंड्याहून येताना आम्ही ट्रंकेत ज्या वस्तू आणल्या, त्या आता आमच्याइतक्याच म्हाताऱ्या झाल्यात. कुणाच्या पेटीची बिजागरी सुटते, कुणाच्या चिनी मातीच्या किटलीचा कान तुटतो. नातवंडं लगेच सुपर ग्लू आणतात. तो वाईट नाही, पण घट्ट बसणाऱ्या बारीक तड्यालाच चालतो. मधे फट असली की भरत नाही आणि जरा ठेच लागली की कट्कन सुटतो.

तिथे एपॉक्सी हवं. भारतात असताना आम्ही सगळे त्याला अ‍ॅराल्डाइटच म्हणायचो, कुठल्याही कंपनीचं असो. इथे दुकानात 'देवेक एपॉक्सी' म्हणा, कळतं. दोन नळ्या असतात, एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. हा गोंद वाळत नाही बरं का, दोघांची रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतो. म्हणून हवा न लागणाऱ्या सांध्यातही तो धरतो. 5 मिनिटांत धरणारा मिळतो आणि सावकाश धरणाराही. आमचं मत विचाराल तर सावकाश धरणारा घ्यावा. तो बहुधा जास्त पक्का होतो आणि थरथरत्या हातांना तुकडे नीट जुळवायला वेळ मिळतो.

आधी जुना गोंद खरवडून काढा, पॉलिश पेपर मारा, स्पिरिटने तेलकटपणा पुसा. अर्धी मेहनत इथेच आहे. मग पाकिटावर सांगितलेल्या मापाने, बहुतेकांत समसमान, पुठ्ठ्यावर काढून एकजीव होईस्तो घोटा. हार्डनर जास्त घातला म्हणजे सांधा जास्त मजबूत होतो, ही समजूत चुकीची. उलट तो कच्चा राहतो. हमसीनच्या दिवसांत गोंद लवकर धरतो, तेव्हा थोडाच कालवा. पातळ थर द्या, दोऱ्याने बांधा, बाहेर आलेला गोंद लगेच स्पिरिटने पुसा. हे काम शुक्रवारी सकाळी करावं. पुढे शब्बाथ आला की वस्तूला कुणी हात लावत नाही. पूर्ण जोर यायला 24 तास लागतात, ते आपोआप मिळतात.

आता कुठे वापरू नये ते. हनुकियाचा हात ज्योतीजवळ तुटला असेल तर एपॉक्सी नको. साधं एपॉक्सी उष्णतेने मऊ पडतं आणि पेटती वात खाली येईल. तिथे डाखच लावून घ्यावा. किटलीचा कान चिकटवला तर ती शोकेसमध्ये ठेवा, उकळता चहा तिच्यात ओतू नका. खाण्यापिण्याच्या भांड्याला आतून तर मुळीच लावू नये. डब्यांच्या मेणचट प्लास्टिकला हा गोंद धरत नाही, पैसे फुकट जातात.

लोखंडी चौकटीला मेझुझा लावताना घरमालक भोक पाडू देत नाही, ही तक्रार आम्ही पुष्कळांकडून ऐकतो. एपॉक्सी चालेल का ते आधी हझ्झानांना विचारा. चालत असेल तर घराच्या पाठीला वर आणि खाली लावा, झाकणाला नको. आतला लेख 7 वर्षांत 2 वेळा तपासायला बाहेर काढावा लागतो.

आणि बाळांनो, सबा-सवता जवळ असल्याशिवाय नळ्या उघडायच्या नाहीत. हातमोजे घाला, खिडकी उघडा. हा गोंद कातडीला पुन्हा पुन्हा लागला तर खाज सुटते, आणि एकदा अंगाला बाधला की पुढे थोडासाही सोसत नाही. बोटाला लागलाच तर साबणाने धुवा, स्पिरिटने नव्हे. नळ्यांची टोपणं मात्र अदलाबदल करू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती उघडायची नाहीत.